फिटिंग बघता बघता

शनिवारी दुपारी दोन वाजता टेलरमास्तरांनी गळ्यातला टेप खुंटीला टांगला, पुढच्या खोलीतलं मशीन झाकलं आणि गॅलरीत येऊन ते मांडी ठोकून बसले. समोर सतरंजीवर एक स्टोव्ह होता. स्टोव्ह म्हणजे काय, तर मुठीत मावेल एवढं पितळी डोकं, त्याला तीन घडीचे हात आणि बाजूला एक चिमुकली चावी. वजन विचाराल तर मास्तरांच्या कात्रीपेक्षा कमी! शेजारी गॅसचा बुटका, गुटगुटीत डबा. हे दोन्ही पाठपिशवीत टाकायचं, डोंगर चढायचा, माथ्यावर बसून चहा करायचा आणि खालच्या ढगांकडे बघत प्यायचा. गेला आठवडाभर मास्तरांना दुसरं काही सुचत नव्हतं. परवा तर एका गिऱ्हाइकाच्या बाहीचं माप घेताना "अजून वर, अजून थोडं वर" असं पुटपुटत त्यांचा टेप खांदा ओलांडून थेट कानापर्यंत पोचला होता.

डोंगरमंडळाची गाडी संध्याकाळी सहाला फाटकाशी येणार होती. मंडळात सोळा जण, सतरावे मास्तर. बावन्न वर्षांच्या आयुष्यातली पहिली चढण! सगळं जमलं होतं. राहिली होती फक्त बायकोची अट.

"जा की, मी कुठं अडवते?" ती काज करता करता म्हणाली होती. "पण त्याआधी त्या खेळण्यावर मला एक कप चहा करून पाजा. मला हाक न मारता. सव्वीस वर्षांत तुम्ही साधी काडी ओढलेली नाही. तिथं डोंगरावर उपाशी बसाल, नि इथं माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. एक कप. मग खुशाल जा."

"एकच कप ना? दहा घे!" मास्तर उसळून म्हणाले होते.

आता माणसाचा धंदा त्याच्या हाडात कसा मुरतो बघा. परमेश्वर प्रत्येकाला एकेक डोळा जास्तीचा देतो. डॉक्टरला नाडी दिसते, गवंड्याला ओळंबा दिसतो, आणि मास्तरांना फिटिंग दिसायचं. ट्रायल घेतल्याशिवाय त्यांनी आजवर एकही कपडा दिला नव्हता. आधी कच्चा टाका, मग ट्रायल, मग पक्की शिलाई. आणि बिघडलंच तर घाबरायचं कशाला? उसवायचं! "जगात असं काही नाही जे उसवता येत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाइकं रडकुंडीला आली की ते हेच वाक्य ऐकवत आणि गिऱ्हाइकांना बरं वाटे.

मास्तरांनी स्टोव्ह उलटा करून पाहिला. आत मधोमध एक जाडसर सुई होती.

"अगं, ऐकलंस का? याच्या पोटात सुई आहे! आपलंच माणूस निघालं की!"

"माहितीपत्रक वाचा आधी," आतून आवाज आला.

"वाचतो गं. आधी नुसतं फिटिंग बघतो. कच्चा टाका."

आणि मास्तरांनी स्टोव्हचं डोकं डब्यावर टेकवून हलकेच एक वेढा दिला, दुसरा दिला, आणि तिसऱ्याला डब्यातून फुस्सऽऽ असा आवाज आला. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसे मास्तर मागे सरकले. चुकलं म्हणजे उसवायचं, या न्यायाने त्यांनी डोकं उलट फिरवलं, तर डबा दुप्पट जोराने फुसफुसू लागला.

"अहो, उलट नका फिरवू! आवळा, आवळा!" बायको ओरडत बाहेर आली.

मास्तरांनी दात-ओठ खाऊन डोकं आवळलं. आवाज बंद झाला. गॅलरीतला वास उडून जाईपर्यंत बायकोने काही पेटवू दिलं नाही. तेवढ्या वेळात तिने खाली पडलेलं माहितीपत्रक उचलून मोठ्याने वाचलं.

"सुईने भोक पडल्यावर डबा पूर्ण रिकामा होईपर्यंत स्टोव्ह डब्यापासून अलग करू नये. बघा! ठळक अक्षरांत आहे. कापडातलं भोक बुजतं हो, पत्र्याचं कसं बुजेल?"

मास्तरांचा चेहरा माप चुकल्यासारखा झाला. मग म्हणाले, "हरकत नाही. जोडलेलाच नेतो." आणि त्यांनी कॅप्टनला फोन लावला. कॅप्टन म्हणजे मंडळाचे म्होरके. सैन्यातले वगैरे नव्हेत, पोस्टातून निवृत्त झालेले. पण पंचवीस वर्षं शिक्के मारून त्यांच्या बोलण्यालाही शिक्क्याचा ठसा आला होता.

"जोडलेला?" फोनमधून गर्जना आली. "भोक पडलेला डबा, वर स्टोव्ह, आणि बंद गाडीत सोळा माणसं? नियम आहे मास्तर. डबा सीलबंद, स्टोव्ह वेगळा. नाहीतर फाटकाशीच उतरवीन. साडेचारला येतोय पिशव्या तपासायला!"

पण डोंगराची ओढ लागली की माणसाला वाटा सुचतात. मास्तरांना लगेच सुचली. हा डबा सहाच्या आत जाळून रिकामा करायचा, म्हणजे स्टोव्ह मोकळा होईल. तोवर दुसरा सीलबंद डबा आणवायचा. बायकोचा भाऊ आतल्या खोलीत वामकुक्षी घेत होता. मास्तरांनी त्याला गदागदा हलवून उठवलं.

"पळ, असाच डबा घेऊन ये! लाल, बुटका!"

"लाल, बुटका. आणलाच समजा, भावोजी," मेहुणा म्हणाला, आणि एका पायात वहाण अडकवून निघालासुद्धा.

"आता हा नुसताच पेटवून ठेवतो," मास्तर म्हणाले.

"नुसता? देवाचा अग्नी उगाच जाळायचा? वर काहीतरी ठेवा," बायको म्हणाली. "आणि आधी ती सतरंजी काढा खालून. माझा चहा करायचाय ना? करा. मी बघणारही नाही." असं म्हणून ती उंबऱ्यात पाठ करून बसली.

मास्तरांनी डबा फरशीवर ठेवला, चावी फिरवली, काडी ओढली, आणि भप्प! निळी ज्योत अशी फुलली की मास्तरांच्या तोंडून "अहाहा!" निघून गेलं. सव्वीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी पेटवलं होतं. तीन कपांचं पातेलं वर चढलं, पाणी नाचू लागलं, पावडर पडली, घमघमाट सुटला. "होतंय! अगं, होतंय!" म्हणत मास्तर आनंदाने गुडघ्यावर उठले, कोपर लागलं, आणि त्या तीन नाजूक हातांवरचं पातेलं कलंडून सगळा चहा कठड्याच्या जाळीतून खालच्या गॅलरीत पोचता झाला.

खाली प्रोफेसर पेपर तपासत होते.

दोन मिनिटांत ते वर हजर! हातात ठिबकत असलेली उत्तरपत्रिका.

"मास्तर, हे काय? या मुलाला मी चार गुण दिले होते, ते वाहून गेले!"

"चुकून झालं हो सर. बसा, बसा. दुसरा टाकलाय." मास्तरांनी पुन्हा पातेलं चढवलं होतं, आणि या वेळी त्याचा दांडा एका हाताने घट्ट धरला होता.

चहा झाला. मास्तरांनी पहिला कप बायकोपुढे धरला. ती म्हणाली, "आधी त्यांना द्या. मी काय, घरचीच."

प्रोफेसरांनी घोट घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला, मग तिसरा, आणि उत्तरपत्रिकेवर खिशातल्या पेनाने मुलाला सहा गुण देऊन टाकले. "मिसेसनाही बोलावू का हो?" असं विचारून त्यांनी कठड्यावरून हाकही मारली. ती हाक ऐकून वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई मलमाची ट्यूब घेऊन धावत आल्या.

"कोण भाजलं? कुठे भाजलं?"

"कोणी नाही ताई, चहा चाललाय. घ्या ना!"

"अगंबाई! रात्रपाळी करून आलेय, जीव आंबलाय नुसता," म्हणत नर्सबाई टेकल्या. पुन्हा कप बायकोकडे गेला, पुन्हा ती म्हणाली, "ताईंना द्या. मी घरचीच."

सुवार्तेला पाय असतात म्हणतात. चहाला तर पंख असतात! मास्तरांच्या गॅलरीत मास्तर स्वतः चहा करताहेत, हे ऐकून जिन्यातून रीघ लागली. लिफ्ट दुरुस्त करायला आलेले दोघे आले, फाटकावरचा रखवालदार आला, बाही कानापर्यंत मापलेलं ते गिऱ्हाईक शर्ट न्यायला आलं आणि चहा पिऊन शर्ट विसरून गेलं. मास्तर आता नुसते रंगात आले होते. पातेलं उतरव, पातेलं चढव, चावी कमी कर, जास्त कर! वारा आला की ते पाठ फिरवून आडोसा करत. "डब्याभोवती पत्रा गुंडाळायचा नाही बरं का, डबा तापतो," असं लोकांना बजावूनही सांगत. तासाभरापूर्वी ज्याला काडी ओढता येत नव्हती तो माणूस आता प्रवचन देत होता. शिकायचं मनात आलं की देव गुरू पाठवतोच. कधी कधी तो पत्र्याचा असतो, एवढंच.

आणि दर पातेल्याला एक कप बायकोपुढे येई, आणि दर वेळी दारात कोणीतरी नवं उभं असे.

"मी घरचीच."

साडेचारला कॅप्टन आले. त्यांनी गर्दी पाहिली, डबा पाहिला, घड्याळ पाहिलं.

"साडेपाचपर्यंत हा रिकामा झालाच पाहिजे. आणि सीलबंद दुसरा कुठाय?"

"आणायला गेलाय मेहुणा. चहा घेणार?"

"नियमाप्रमाणे तपासणीच्या वेळी..." कॅप्टन थांबले. वाफ त्यांच्या मिशीपर्यंत पोचली होती. "अर्धा द्या."

तीन अर्धे झाल्यावर मेहुणा धापा टाकत उगवला. हातात लाल, बुटका डबा. मास्तरांनी धावत जाऊन तो घेतला आणि ते जागच्या जागी खिळले. डब्याच्या डोक्यावर आटे होते.

"अरे, हा फिरकीचा! आपला सुईचा!"

"तुम्ही म्हणालात लाल, बुटका. लाल आहे की नाही? बुटका आहे की नाही?" मेहुणा दुखावला. "आणि सुईचे संपलेत म्हणाला तो. शेवटचा मंगळवारीच कोणीतरी नेला."

नर्सबाईंनी च् च् केलं. कॅप्टननी कप खाली ठेवला आणि ते खाकरले. "मास्तर, मनातून म्हणाल तर स्टोव्हशिवाय यायलाही माझी ना नाही. मंडळाकडे मोठा आहे. पण प्रत्येकाने आपापला आणायचा हा नियम. मी नियम मोडला तर उद्या कोणीही मोडेल. पावणेसहापर्यंत बघा काय होतं." आणि ते निघाले. त्यांच्यामागे एकेक जण कप विसळून ठेवून हळूच पांगला. एकेचाळीस कप झाले होते. प्रोफेसरांनी मोजले होते.

उरले मास्तर, बायको आणि उंबऱ्यात हिरमुसलेला मेहुणा.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "डोंगर काय पळून जातोय? पण अट म्हणजे अट. तुझा चहा राहिलाय." त्यांनी पातेल्यात दोन कप पाणी ओतलं. एक तिचा, एक स्वतःचा. दुपारपासून त्यांनीही घोटभर घेतला नव्हता.

ज्योत पेटली. डबा एव्हाना बर्फासारखा गार पडला होता, बाहेरून त्याला दव आलं होतं. पाणी जरा कुठे कुरकुरलं, पावडर पडली, दूध पडलं, आणि ज्योत आकसली. मास्तरांनी चावी पूर्ण उघडली. ज्योत करंगळीएवढी झाली, मण्याएवढी झाली, आणि 'पुक्' करून विझली.

मास्तरांनी डबा कानाशी नेऊन हलवला. आत काही नाही. ज्यासाठी दुपारपासून धडपड, तो डबा अगदी नियमाप्रमाणे रिकामा झाला होता, आणि ज्यासाठी तो उघडला होता तो एक कप मात्र उकळायचा राहिला होता.

"एकेचाळीस कप पाजले गं," मास्तर पातेल्याकडे बघत म्हणाले. "आणि तुझाच..."

खालून गाडीचा हॉर्न वाजला.

बायकोने पुढे होऊन पातेल्याला बोट लावलं. मग दोन कप भरले, एक मास्तरांपुढे ठेवला आणि आपला ओठांना लावला. मेहुणाही मान उंचावून बघू लागला. तिने एक घोट घेतला, दुसरा घेतला, कप रिकामा करून पालथा घातला आणि उठून पुढच्या खोलीत गेली. अस्तराच्या कापडाचा गठ्ठा उचकटल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात लाल, बुटका, सीलबंद, सुईचा डबा होता.

"हा... हा कुठून?"

"मंगळवारी नेला ना कोणीतरी? ती मीच. पँटच्या चेन आणायला गेले तेव्हा स्टोव्हच्या त्या दुकानात डोकावले. दुकानदार म्हणाला, 'बाई, सुईचा आहे, आधी उघडू नका म्हणावं.' म्हटलं, आमचे मास्तर ट्रायल घेतल्याशिवाय जगायचे नाहीत. दुसरा द्या."

"आणि मला भर उन्हात पळवलंस ताई!" मेहुणा किंचाळला.

"अगं, मग दुपारी दोनलाच का नाही दिलास?" मास्तर ओरडले.

"दोनला दिला असता तर तुम्ही उघडलेला तसाच टाकून नवा घेऊन पळाला असता. माझा चहा कोणी केला असता? आणि आता वाद कसला घालताय, गाडी थांबलीय. काढा तो स्टोव्ह, रिकामा झालाय. आणि तिथं वर पोचल्याशिवाय फिटिंग बघायचं नाही!"

मास्तरांनी स्टोव्ह सोडवला, नवा डबा पिशवीत कोंबला, पिशवी पाठीवर टाकली आणि बावन्न वर्षांचा तो माणूस तीन-तीन पायऱ्या गाळत जिना उतरला. खाली कॅप्टननी सील तपासलं, आणि तपासताच गाडीतून सोळा जणांची आरोळी तिसऱ्या मजल्यापर्यंत आली. गाडी वळली, दिसेनाशी झाली.

नर्सबाई वरच्या कठड्यावरून वाकल्या. "गेले का हो मास्तर? तुम्हाला मिळाला की नाही शेवटी? कसा होता?"

"कोमट," बायको म्हणाली. "आणि पावडर जरा जास्तच."

मग तिने मास्तरांनी घाईत न पिताच ठेवलेला कप उचलला, कठड्याला टेकली, आणि तोही संपवला.