डोळ्याचा तुकडा

“घसा धरला तर आलं, पोट फुगलं तर आलं, प्रवासात मळमळलं तर आलं. पण कुंडीतलं सगळं संपवायचं नाही हां. एक डोळ्याचा तुकडा परत मातीत.”

सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली, तरी हा आवाज घरातून गेला नव्हता. डोळा म्हणजे आल्यावरचा तो फुगीर ठिपका, जिथून पुढे कोंब निघतो. दर वर्षी पानं वाळली की सासरे गॅलरीतली कुंडी उपडी करायचे, आलं काढून घ्यायचे, डोळ्याचा एक तुकडा चार दिवस वाटीत सुकवायचे आणि परत लावायचे. तसा शब्दच त्यांनी बायकोला शेवटच्या दिवसांत दिला होता. एरवी माणूस विसरभोळा. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारा. हा नेम मात्र कधी चुकला नाही.

सून औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. अकरा वर्षांत तिच्या हातून एकही चुकीची बाटली गेली नव्हती. घरातल्या मिठाच्या बरणीवरसुद्धा ‘मीठ’ अशी चिठ्ठी होती.

“बाबा, हे सिरप. दोन चमचे, जेवणानंतर.”

“तुझ्या बाटलीला कोंब फुटतो का?”

“फुटला तर आम्ही ती कंपनीला परत पाठवतो.”

त्या संध्याकाळी सासऱ्यांना खोकल्याने अगदी हैराण केलं होतं. सुनेचं स्वतःचं नाक सर्दीने बंद होतं. सिरपवरून वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं. आज होऊ दे त्यांच्या मनासारखं, असं म्हणून तिने चहाच्या डब्याशेजारची वाटी उचलली आणि त्यातलं आलं सगळंच्या सगळं चहात किसलं.

“वा,” सासरे पहिल्याच घोटाला म्हणाले. “घसा मोकळा झाला बघ. तुझं अख्खं दुकान एकीकडे आणि हा कप एकीकडे.”

सुनेला फार बरं वाटलं. साधारण अर्धं मिनिट.

“उद्या तो डोळ्याचा तुकडा लावून टाकतो,” कप खाली ठेवत ते म्हणाले. “वाटीत सुकलाय आता.”

सुनेने किसणीकडे पाहिलं. किसणीवर दोन दोरे राहिले होते.

“तुम्ही नका, मी लावते,” ती घाईघाईने म्हणाली. “ओल्या मातीत हात घातलात तर खोकला वाढेल.”

“खोलवर नको पुरूस. डोळा वर.”

“डोळा वर,” सून म्हणाली आणि चपला घालून तडक भाजीबाजारात गेली.

भाजीवाली टोपल्या झाकत होती. एका टोपलीत मातीने माखलेल्या कांड्या होत्या. सुनेने एकेक उचलून, उलटसुलट करून, ठसठशीत डोळ्याची एक निवडली. मोडून पाहिली असती तर आतला रंग दिसला असता, पण डोळ्याला धक्का लागायला नको होता. वास घेतला असता तरी कळलं असतं, पण नाक बंद होतं.

महिनाभराने कोंब आला. सासऱ्यांचा चेहरा असा फुलला, की सुनेला आपलं पाप धुऊन निघाल्यासारखं वाटलं. पुढे पानं आली. चांगली रुंद, हातभर.

“यंदा भलतंच जोमात आहे,” सुनेचा नवरा म्हणाला.

“खताचा गुण,” सून म्हणाली.

पानांवरची धूळ तेवढी सासऱ्यांनी ओल्या फडक्याने पुसली.

मग एके दिवशी त्याच भाजीवालीकडे सुनेला तशीच पानं दिसली, मुळांसकट.

“आलं का हे, मावशी?”

“आलं कुठलं? ओली हळद ही. आल्याचं पान बोटाएवढं अरुंद असतं. का गं, काय झालं?”

“काही नाही,” सून म्हणाली आणि मेथी न घेताच मेथीचे पैसे देऊन आली.

नवऱ्याला सांगितल्यावर तो आधी हसला, मग तिचे डोळे पाहून थांबला.

“सांगून टाक ना बाबांना.”

“काय सांगू? आईंचं आलं तुम्हालाच चहातून पाजलं, आणि वर हळदीला चार महिने पाणी घालायला लावलं?”

तिने काही सांगितलं नाही. पानं वाळेपर्यंत मात्र रोज सकाळी देवासमोर हात जोडताना तिचा एक डोळा गॅलरीकडे असायचा.

अखेर पानं वाळली. “रविवारी कुंडी काढू,” सासऱ्यांनी जाहीर केलं. शनिवारी दुकानातून येताना सुनेने पाव किलो आलं आणलं, आणि सासरे बातम्या बघत असताना कुंडीच्या उजव्या कडेला हळूच पुरून टाकलं.

रविवारी सकाळी तिघेही गॅलरीत जमले. सासऱ्यांनी वर्तमानपत्र अंथरलं, कुंडी उपडी केली आणि मातीत हात घातला.

पहिला निघाला हळदीचा गड्डा. मोडला तर आत केशरी. सासऱ्यांनी तो बाजूला ठेवला. मग उजव्या बाजूने निघालं आलं, एकात एक गुंतलेलं आणि रबरबँड लावलेलं.

“रबरबँडसकट पिकलंय,” सासरे म्हणाले.

सुनेने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. तेवढ्यात मधोमध आणखी एक आलं निघालं. पांढरंशुभ्र, सोललेलं.

“हे माझं,” नवरा खाली बघत म्हणाला. “सकाळी फ्रिजमध्ये तेवढंच होतं. मला वाटलं, हिला मदत होईल.”

“सोललेलं पुरलंस?”

“घाईत होतो.”

सून हसावं की रडावं अशा बेतात असताना मातीतून तिसरं आलं वर आलं. स्वच्छ, कोरडं, कागदाच्या पुडीत.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. मग दोघांनी सासऱ्यांकडे पाहिलं.

“काल दुपारी पुरलं,” ते म्हणाले. “म्हटलं, आज सगळ्यांदेखत हळद निघाली तर पोरगी ओशाळेल. पुडी सोडायची राहिली.”

“बाबा, तुम्हाला माहीत होतं?”

“तीस वर्षं बस चालवली मी. ड्रायव्हरला आरशात मागचं सगळं दिसतं. तो बोलत नाही, इतकंच. तुकडा गेला ते पहिल्याच घोटाला कळलं. आपल्या आल्याची चव मला कळणार नाही होय? तरी ‘उद्या लावतो’ म्हणालो, तू काय करतेस ते बघायला.”

“मग रागावला का नाहीत?”

सासऱ्यांनी हाताची माती झटकली. “तुझ्या सासूच्या माहेरचं आलं होतं या कुंडीत. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ही आठ दिवस गावाला गेली आणि मी दिवसातून चारदा पाणी घालून ते कुजवलं. बाजारातून दुसरं आणून लावलं. हिने आल्या आल्या माती हुंगली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘छान जपलंत.’ बस. पुढे जन्मभर तेवढं एकच सांगत राहिली, एक डोळ्याचा तुकडा परत मातीत.”

सून मान खाली घालून पसरलेलं आलं चिवडत राहिली. एकेक कांडी उलटून पाहिली. तिच्या आल्याचे डोळे बाजारातच खरवडून गेलेले, नवऱ्याचं सोललेलं, सासऱ्यांचं वाळून सुंठ झालेलं. डोळा एकालाही नव्हता.

“माझा शब्द अपुराच राहिला की गं,” सासरे म्हणाले आणि खोकले.

सुनेने हळदीचा एक तुकडा धुतला, ठेचून दुधात उकळला आणि पेला त्यांच्या हातात दिला. “हीसुद्धा घशाला चांगली असते. सिरप नको म्हणालात ना?”

“किती घ्यायची?”

“पेलाभर. गरम असतानाच.”

ते फुंकर घालत पिऊ लागले. नवरा माती गोळा करायला बसला. सुनेने पिशवी घेतली, नाक मोकळं आहे ना ते एकदा श्वास ओढून पाहिलं आणि दाराचा आवाज न करता बाजाराच्या वाटेला लागली.