मी उजळलेला मॅजिक लँटर्न

जुन्या वस्तू कशा हाताळाव्यात, हे अमेरिकनांनी आमच्याकडून शिकावं! एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली, पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात, मी असं जाहीर केलं होतं. ऐकायला दोघंच होते. शेजारी वॉल्टर, आणि माझी बायको लतिका. लतिकाने लगेच स्वयंपाकघरात काम काढलं.

वॉल्टर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, जर्मन घराण्यातला. त्याच्याकडे एक मॅजिक लँटर्न होता. वीतभर उंचीचं पत्र्याचं खेळणं! आत रॉकेलचा दिवा, वर धुराडं, पुढे पितळी नळीत भिंग. मध्ये रंगीत चित्रांची काचपट्टी सरकवली की भिंतीवर चित्र. एरवी दिसायला रुसून बसलेल्या ठेंगण्या इंजिनासारखा.

“माझे आजोबा न्यूरेंबर्गला खेळण्यांच्या कारखान्यात होते,” वॉल्टर म्हणाला. “हा त्यांनी स्वतः जोडलाय. चुलतभाऊ म्हणतात, म्हातारा थापा मारायचा! पण या काजळीखाली कारखान्याचा सोनेरी शिक्का आहे, असं आजोबा सांगायचे. शनिवारी फिलाडेल्फियाहून तज्ज्ञ बाई येतायत, त्या वाचतील. प्रसन्न, तू फक्त ही अडकलेली नळी सोडवून दे.”

“फक्त?” मी हसलो.

नळी दोन मिनिटांत सुटली. तिथेच थांबायला हवं होतं. पण दसरा तोंडावर आला होता, आणि दसऱ्याला काळवंडलेला धातू दिसला की माझे हात शिवशिवतात.

“अहो, ती चिंच आमटीची आहे!” लतिका ओरडली. “पिट्सबर्गपर्यंत ड्राइव्ह करून आणलीये!”

“बाईंना शिक्का वाचता यायला नको?”

“मग त्या वाचतील ना! तुम्हाला कोणी सांगितलंय?”

मी घासायला बसलो. काजळी निघाली आणि खाली चक्क शिक्का उमटला! सोनेरी पक्षी, त्याखाली दोन अक्षरं.

“लतिका, धावत ये!”

“पोळी तव्यावर आहे. आले!”

पोळी होईपर्यंत म्हटलं, आणखी एक हात मारू, अक्षरं स्पष्ट होतील. मारला.

लतिका आली तेव्हा लँटर्न पूजेच्या ताम्हनासारखा लखलखत होता. काळा रंग गेला होता. पक्षी उडाला होता.

“कुठाय शिक्का?”

“आत्ता होता.”

शनिवारी बाई आल्या. पांढरे हातमोजे घालून त्यांनी लँटर्न उलटासुलटा पाहिला. “वा! नक्कल आहे, पण काय सुबक! गेल्या वर्षीच बनवलेली दिसतेय.”

वॉल्टरने माझ्याकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता पाहत राहिला.

मी सगळं कबूल केलं. बाईंनी सावकाश हातमोजे काढले. मग वही उघडून चिंचेचं स्पेलिंग विचारलं आणि लिहून घेतलं.

“शिक्क्यात काय होतं?”

“पक्षी.”

“कुठला?”

तो शिक्का पाहिलेला मी जगातला शेवटचा माणूस!

“मोर,” मी म्हणालो.

“माझ्या शिक्क्यांच्या यादीत मोर नाही. अक्षरं कोणती?”

“ती मी... पुढच्या हाताला वाचणार होतो.”

बाई निघून गेल्या. वॉल्टरने लँटर्न जवळ ओढला. मग म्हणाला, “पण तू पाहिलास ना? स्वतःच्या डोळ्यांनी?”

“पाहिला.”

“म्हणजे शिक्का होता. आजोबा थापा मारत नव्हते.”

चुलतभावांना दाखवायला त्याने माझ्याकडून लिहूनच घेतलं: ‘कारखान्याचा शिक्का पाहिला. मोर.’ सहीखाली पीएच.डी. लिहायलाही लावलं. तो कागद फ्रेम होऊन लँटर्नशेजारी बसला. दर थँक्सगिव्हिंगला वॉल्टर तो चुलतभावांना मोठ्याने वाचून दाखवायचा. कुणी चकार शब्द काढत नसे.

चार वर्षांनी वॉल्टर गेला. आता सांगायला हरकत नाही. आमच्याकडे समईवर मोर, अडकित्त्यावर मोर, पैठणीवर मोर. धातूवर पक्षी म्हटला की मला दुसरा सुचतच नाही. त्या शिक्क्यातला तुरा तेवढा मला पक्का आठवतो.

पण तुरा काय, कोंबड्यालाही असतो.