अप्पाची चालती हळद

आमच्या पुसेगावच्या दोन एकरात बिनकण्याच्या प्राण्यांच्या पन्नास जाती निघतात म्हणजे निघतात! असं मी बीएस्सीच्या अख्ख्या वर्गात सांगून बसले होते. प्राणीशास्त्राचे राठोड सर हसले.

"प्रतिक्षा, गोगलगाय अन् गांडूळ सोडून काय सापडणार तिथं? नेटवरची चित्रं चिकटव. सगळे तेच करून राह्यलेत."

मी म्हणलं, जिवंत आणते.

घरी अप्पानं वेगळीच पैज लावली. "पन्नास भरल्या तर एमेस्सी कर. एक जरी कमी पडली तर बांधावर लोळणं बंद, शिवणक्लास चालू."

मी म्हणलं, मंजूर.

महिनाभर बांध उकरला गड्यांनो! तीन जातीच्या गोगलगायी, जळू, खेकडा, पैसा किडा, मिरगाचा लाल मखमली किडा, अन् शेणाचा गोळा ढकलत जाणारा भुंगा. तो तर दिवाळीला सामान घेऊन सासरवाडीला निघालेल्या जावयावानी चालतो. एकेक जण काड्यापेटीत. आई चुलीपुढं बोंबलायची, "काडी काढाया गेले तर कोळी निघून राह्यला!" पन्नासावा विंचू. तो तेवढा लोणच्याच्या बरणीत, वेगळा.

आता आमच्या घरचं एक सांगते. चुलतभाऊ आयुषच्या लग्नात वाटून उरलेल्या पिशव्या आमच्याकडं चाळीस हायेत. सगळ्या पिवळ्या, सगळ्यांवर 'आयुष-पुनम शुभविवाह'. बियाणं त्यातच, दप्तर त्यातच. मंगळवारी एकीत मी माझे प्राणी भरले. दुसरीत अप्पानं हळदीचा नमुना, हिंगोलीच्या बाजारात दाखवायला. एकाच मोटारसायकलवर दोघं गेलो. कॉलेजपाशी उतरताना मी हाताला लागली ती पिशवी घेतली.

सरांपुढं ऐटीत उपडी केली. हळकुंडं.

"ह्याला पाय किती असतात?" सर म्हणले.

मी उत्तर द्यायला थांबलेच न्हाई. मैत्रीण हुमेराची स्कुटी घेतली. सर मागं बसले. फजिती बघायला, दुसरं काय.

बाजारात जमीलचाचांच्या अडत दुकानापुढं ही गर्दी. चाचा आपल्या पांढऱ्या गादीवरून कधी उठत न्हाईत. तिथंच बसून हळकुंड मोडतात अन् भाव सांगतात. आज ते गादीपासून दहा फूट लांब, एका पोत्यावर उभे होते.

"हरिचंदभाऊ," ते अप्पाला म्हणून राह्यले, "बावीस साल झाले हळद घेऊन. चालणारी हळद पैल्या बार पाह्यली."

चाचांनी नमुना बघायला पिशवी गादीवर ओतली होती. काड्यापेट्या उघडून पडल्या होत्या. गोगलगाय तराजूवर चढलेली. खेकडा चाचांच्या चपलेत बसलेला.

"काय करून ठेवलं गं हे?" अप्पा म्हणले.

"मी न्हाई, तुमी. पिशवी उघडून बघायची ना."

"अन् तू बघितली व्हती?"

मी गुडघ्यावर बसले अन् मोठ्यानं नाव घेत एकेक उचलाया लागले. हमाल आधी हसत होते, मग तेच पोती हलवून शोधाया लागले. "ताई, हे लाल मखमलीचं बी तुमचंच का?" माझंच. सगळे माझेच.

सर मोजत होते. शेवटी थांबले. "एकोणपन्नास."

अप्पाच्या तोंडावर मला शिलाई मशीन दिसाया लागली.

"पन्नासावा विंचू," मी म्हणलं. "गादीखाली गेला असंल. विश्वास नसंल तर हात घालून बघा, सर."

सरांनी गादीकडं पाह्यलं. मग अप्पाकडं. अप्पा एक पाऊल मागं सरकले. सरांनी पेन काढलं अन् पन्नास लिहिलं.

घरी आले, फडताळ उघडलं. बरणीत विंचू, नांगी वर करून मजेत.

आता मला सांगा, पन्नास ते पन्नासच ना? खोटं कुठं बोलले? पण तीन दिवस झाले, जमीलचाचा उभ्यानंच धंदा करून राह्यलेत. सांगणार हाये मी त्यांना. अप्पानं एमेस्सीच्या फॉर्मवर सही केली की लगेच.