पाहुणीची सावली

कोंडसर ग्रामपंचायतीने नियम केला, की भाड्याच्या खोलीत उतरलेल्या पाहुण्याने गाव सोडताना आपली सावली बरोबर न्यावी.

नियम कुणाला जाचक वाटला नाही. मे महिना संपला की पर्यटक जायचे आणि त्यांच्या सावल्या मागे राहायच्या. काही शाळेच्या मैदानात पडून असत, काही पाणवठ्यावर, आणि म्हशी तिथून पुढे पाऊल टाकत नसत. किनाऱ्यावरच्या एका बंगल्याचा मालक मुंबईला असायचा. त्या बंगल्यात इतक्या सावल्या साचल्या, की भर दुपारीही आत दिवा लावावा लागे. म्हणून जबाबदारी घरमालकांवर आली. पाहुणा निघताना त्याला अंगणात उन्हात उभं करायचं, पायाशी पाहायचं आणि मगच फाटक उघडायचं. आभाळ आलं तर ऊन पडेपर्यंत त्याला थांबवून घ्यायचं. तपासणीच्या दिवशी खोलीत कुणाची सावली सापडली, तर पाहुणा अजून घरातच राहतो असं धरलं जाई आणि खोल्यांचा परवाना जाई.

जयवंत बोरकर आणि त्यांची बायको शालन यांचं घर या खोल्यांवरच चाले. जयवंत पूर्वी मच्छीमार बोट चालवणारे तांडेल होते. गुडघे गेले, बोट सुटली, तेव्हा त्यांनी घरामागे दोन खोल्या बांधल्या. स्वयंपाक, अंथरुणं, झाडलोट शालन बघायची. जयवंत पाहुण्यांशी बोलायचे.

दिवाळीनंतर पुण्याहून अनघा दाबके नावाच्या बाई एकट्याच आल्या. त्यांनी समुद्र पाहिला नाही, फोटो काढले नाहीत. मागच्या पायरीवर बसून राहिल्या. शालन चहा नेऊन द्यायची, तो गार व्हायचा.

त्या निघाल्या तेव्हा जयवंत बंदरावर मासळी आणायला गेले होते. शालनने बाईंना अंगणात उभं केलं. ऊन लख्ख होतं. पायाशी नुसती वाळू होती.

"मॅडम, सावली?"

"खोलीत आहे. येत नाही म्हणते."

"मग तुम्ही थांबा की."

"मला जायलाच हवं, ताई. सासरे अंथरुणाला खिळलेत. त्यांना बघणारी बाई आजपासून रजेवर आहे." त्यांनी बॅग उचलली. "तिला राहू दे. ती काही खात नाही."

शालनने फाटक उघडलं.

खोलीत खिडकीखाली सावली बसली होती, गुडघे जवळ घेऊन. शालन तिच्याभोवतीने केर काढू लागली. जयवंतना कळलं तेव्हा ते फारसे ओरडले नाहीत. त्यांनी पुण्याला फोन लावला.

"मॅडम, तुमची सावली घेऊन जा. आमचा परवाना जाईल."

"मला नाही हो येता येणार," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "आणि खरं सांगू? इथं अजून कुणाच्या लक्षातच आलेलं नाही."

जयवंत ग्रामसेवक कुलथ्यांकडे गेले. कुलथ्यांनी चष्मा पुसला.

"सावलीला हाताला धरून बाहेर काढता येत नाही, जयवंतराव. घरच्या माणसाच्या पायाला ती लागली, तर ती घरची. मग आमची हरकत नाही. पण माणशी एकच. दोनची तरतूद नाही."

"म्हणजे आपली सोडायची?"

"हो."

"ती कुठं जाते, भाऊसाहेब?"

"जिथं पायाशी जागा रिकामी असेल तिथं."

"आणि परत येते?"

"तसं अजून झालेलं नाही."

जयवंत घरी आले आणि सरळ खोलीत जाऊन सावलीशेजारी उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. सावली ढिम्म हलली नाही. दुसऱ्या दिवशी तपासणी होती. जेवताना ते म्हणाले, "परवाना जाऊ दे. वर्गमित्राच्या बर्फाच्या कारखान्यात बघतो काहीतरी."

"ह्या गुडघ्यांनी?" शालन म्हणाली.

सकाळी कुलथे आले. जयवंतनी त्यांना अंगणात खुर्ची दिली. शालन खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. आतून काहीच आवाज आला नाही. मग दाराच्या फटीतून एक सावली बाहेर आली. अंबाडा बांधलेली, पदर खोचलेली. जयवंतनी ती लग्नापासून पाहिली होती. ती अंगण ओलांडून, कुंपणाच्या कडेकडेने एसटीच्या थांब्याकडे गेली. एकदा तरी मागे वळून बघेल असं जयवंतना वाटलं. पण सावलीला पाठ आणि तोंड वेगळं नसतं, त्यामुळे ती वळली की नाही हे त्यांना कळलं नाही.

शालन उन्हात येऊन उभी राहिली. तिच्या पायाशी मोकळ्या, आखूड केसांची सावली होती.

कुलथ्यांनी वाकून पाहिलं. "एक माणूस, एक सावली. ठीक आहे, वहिनी."

आठवड्याने अनघाबाईंचा फोन आला.

"ताई, आली बरं का. वाटेत कुठं रेंगाळली नाही."

"बरी आहे ना?"

"माझ्या आधी उठते. मी खाली बसले, तरी ती भिंतीवर उभीच असते. सासऱ्यांनी पहिल्यांदाच विचारलं, घरात कोण आलंय म्हणून."

"तिला बसायला सांगा हो."

"सांगितलं. ऐकत नाही."

फोन ठेवून शालन मागच्या पायरीवर जाऊन बसली. चहाची वेळ झाली, तरी उठली नाही. शेवटी जयवंतनी चहा केला आणि दोन कप घेऊन ते तिच्याजवळ आले.

"कसं वाटतं तुला?"

"दुसऱ्याच्या चपला घातल्यासारखं." तिने विचार केला. "पण चावत नाहीत."

त्यांनी मान हलवली. सूर्य पाण्यात गेला. अंगणातल्या माडांच्या सावल्या विरल्या, जयवंतची विरली. शालनच्या पायाशी ती मात्र तशीच बसून होती, गुडघे जवळ घेऊन. शालनने पाय आखडले आणि तिला पायरीवर जागा करून दिली.

जयवंत रिकामे कप घेऊन दिवा लावायला आत गेले.