रतनअक्का पहिल्या पंगतीला बसतात

लग्नाच्या मांडवात "पुरुष मंडळींनी बसून घ्या" अशी हाक आली की आमच्या भूमच्या रतनअक्का सगळ्यात आधी जाऊन बसतात. पहिल्या पंगतीत, अगदी मधोमध. एकदा एका वाढप्यानं सांगून बघितलं, "मावशी, बायकांची पंगत नंतर हाय."

"भूक आत्ता हाय. वाढ."

लोक हसतात. हसू देत! मी समतेवर पत्रकांचे गठ्ठेच्या गठ्ठे वाटले, त्यानं कुणाचं ताट इंचभर सरकलं नाही. अक्कांनी नुसतं बसून तालुक्यातल्या वाढप्यांना वळण लावलं. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. "अशी पद्धत हाय," असं कुणी म्हटलं की त्या लगेच विचारतात, "कुणी घातली? नाव सांग." नाव अजून कुणाला सांगता आलेलं नाही.

मागच्या रविवारी दुपारी अक्कांचा भाचा महेश आम्हाला धाराशिवला घेऊन गेला. त्याच्या लग्नाचा वाढदिवस होता. तिथं एक थाई हॉटेल निघालंय आणि त्याच्या दारात फुकट वाटत असल्यासारखी रांग असते. बरोबर महेशची बायको पल्लवी, वडील बाळासाहेब, आणि मित्र म्हणून मी. बाळासाहेबांना सगळं गाव साहेब म्हणतं. अक्का थोरल्या बहीण, त्या 'बाळ्या' म्हणतात.

पाऊण तासानं टेबल मिळालं. मोठमोठी वाडगी मधे आली. अक्कांनी सूप हुंगलं. "गवती चहा हाय की रं ह्यात! परसात लावलाय म्या." नूडल्सवर शेंगदाण्याचा कूट दिसल्यावर तर त्यांनी थाई लोकांना आपल्यातच घेऊन टाकलं.

तेवढ्यात पल्लवी उठली. करीचं वाडगं उचलून तिनं सासऱ्यांना वाढलं, मग नवऱ्याला, मग मला; अक्कांनी आपलं आपण आधीच घेतलं होतं. पगारी वेटर हात बांधून बघत होता आणि ही पोरगी, स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवसाला, हॉटेलात वाढत उभी! आणि मी काय केलं? प्लेट पुढं केली. हेही छापलंच पाहिजे.

आम्ही दोनदोनदा घेतलं. ती बसली तेव्हा वाडग्याच्या तळाशी भाजीचे दोन तुकडे उरले होते. "मला फार भूक नाही," ती म्हणाली. बाळासाहेब हात पुसत उठले. "चला, बाहेर लोक उभे हायत."

"बस खाली, बाळ्या. पोरगी जेवली का?"

"घरी जाऊन खाईल की."

"घरीच खायचं तर हितं कशाला आणली? वाढायला?"

"अगं अक्का, बायका मागून जेवतेत. पद्धत हाय ती."

"कुणी घातली? नाव सांग."

बाळासाहेब बसले. अक्कांनी वेटरला बोलावलं. "एका माणसाचं सगळं परत आण. वाफ निघाली पाहिजे."

आता मालक आला. "मावशी, टेबल रिकामं करावं लागंल. रांग लई मोठी हाय."

"रांगेला सांगा, आमची पंगत उठली न्हाय."

दारातून एकजण ओरडला, "आम्हालाबी पोटं हायत!"

"मग या, सरकून बसतो आमी. पण हिला उठवायचं न्हाय!"

कुणी आलं नाही. करी आली. पल्लवी अगदी कानकोंडी झाली. "आत्याबाई, सगळे बघायलेत."

"बघू दे. तू जेव."

महेशनं चमचा उचलला आणि बायकोला भात वाढला. सवय नव्हती, निम्मा टेबलावर सांडला. पल्लवीनं पहिला घास खाली मान घालून घेतला, दुसराही तसाच. तिसऱ्यानंतर ती आम्हाला विसरली. कपाळावर घाम, नाक ओढतीय, आणि ती हातानं भात कालवून भराभर जेवायला लागली. दारातली रांग आमच्याकडं डोळे वटारून बघत होती. मीही उलटून बघत होतो.

अक्का मात्र एकटक पल्लवीकडं बघत होत्या. त्यांच्या हातातला चमचा मघापासून तसाच होता. मी म्हणालो, "अक्का, तुमीबी घ्या ना."

"थांब जरा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बघू दे मला. माझ्या आईला जेवताना म्या एकदाबी बघितलं न्हाय."