जक्स्टपोझिशनवाले टेंभरे सर

टेंभरे सरांच्या खिशात पेन नसे, तांदूळ असे. दरवर्षी दहावीच्या इंग्रजीच्या एका तासाला ते दोन दाणे काढत, एक जाडा, एक बारीक, आणि पहिल्या बाकावरच्या मुलीच्या तळहातावर अगदी शेजारी ठेवत.

"अलग अलग पाह्यले तं दोन्ही तांदूळच. आता पाह्य. बारीक कोणता?"

धानाच्या मुलखातली मुलं, लगेच सांगत. मग सर फळ्यावर लिहीत, 'जक्स्टपोझिशन'. "जक्स्टा लॅटिन आहे, म्हणजे जवळ. पोझिशन म्हणजे ठेवणं. जवळ ठेवलं का समजते!"

हा नाद शाळेपुरता नव्हता. सडक अर्जुनीच्या ढाब्यावर ते पिशवीतून गोंदियाचा अर्धा समोसा काढून तिथल्या समोशाला भिडवत. ढाबेवाला कावायचा, "सर, खाना है तो खाओ, कुश्ती मत कराओ!"

स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची कायम माझ्या खुर्चीला लागून.

गावात अजून म्हणतात, टेंभरे सर एका शब्दावर अख्खं वर्ष घालवत. हे खोटं आहे. ते एकच तास घालवत. वर्ष मी जोडलं. मला दहावीचं इंग्रजी हवं होतं, म्हणून हेडमास्तरांसमोर हसत हसत तसं बोललो. दहावी मला मिळाली, त्यांना पाचवी. पाचवीतही तांदूळ चालूच राहिला. मीच त्यांची नजर चुकवू लागलो, स्टाफरूममधली माझी खुर्चीही दूर नेली. दरवर्षीच्या ग्रुप फोटोत ते डाव्या टोकाला बसले, की मी उजवं टोक गाठायचो.

गेल्या महिन्यात मुर्रीला त्यांच्या घरी गेलो. त्यांची बायको वारल्यापासून ते एकटेच असतात. त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

"मले तवाच माहीत होतं," ते म्हणाले. "साखर किती टाकू?"

"मग बोलले काऊन नाही तुम्ही?"

"तू बाजूले बसतच नव्हता, बिसेन. बोलू कोणाशी?"

मी मान वळवली. भिंतीवर शाळेचे दोनच ग्रुप फोटो होते, मधे फटही न ठेवता टांगलेले. डावीकडच्या फोटोत उजव्या टोकाला मी. उजवीकडच्या फोटोत डाव्या टोकाला ते. दोन वेगळ्या वर्षांतले आम्ही दोघं, खांद्याला खांदा लावून बसलेलो.

"दीड चमचा," मी म्हणालो.