यशवंतरावांची सात दारं

जिवंत माणसाच्या इच्छेपेक्षा मृत माणसाची इच्छा अधिक निष्ठेने पाळली जाते, कारण ती कशी पाळली हे बघायला तो येत नाही. याचं मी पाहिलेलं सर्वांत निर्दोष उदाहरण पांढुर्ण्यात आहे. (मी फारसा हिंडलेलो नाही. याहून निर्दोष उदाहरण कुणाला माहीत असेल तर माझं विधान रद्द समजावं.)

१९८३च्या श्रावणात मी सौंसरला एका जुन्या ग्रंथसंग्रहाची यादी करायला निघालो होतो. पांढुर्ण्याला गाडीतून उतरलो, तर वाटेतल्या नाल्याला पूर आल्याने सौंसरची बस सकाळपर्यंत बंद. म्हणून दुपारी चारच्या सुमारास स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत गेलो.

ही धर्मशाळा यशवंतरावांची. त्यांच्या संत्र्यांच्या वॅगनी कलकत्त्यापर्यंत जात. माणूस विक्षिप्त. बैलांसाठी त्यांनी छत्र्या शिवून घेतल्या होत्या, आणि पेढीवर पाटी होती : 'मालकाला फारसं कळत नाही. भाव सावकाश सांगावा.' परगावी एका धर्मशाळेत कोणीतरी त्यांना जात विचारली आणि रात्रभर ओट्यावर झोपवलं. परत आल्यावर त्यांनी सात खोल्या बांधल्या, सात रंगांची दारं लावली आणि मृत्युपत्रात लिहिलं : 'येणाऱ्यास जात व आडनाव विचारू नये. आवडता रंग विचारावा, त्या रंगाची खोली द्यावी.'

व्यवस्थापक केशवराव यांनी मला हे मृत्युपत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं. आजवरचे प्रवासी एकतीस हजार चारशे बारा. जात विचारल्याच्या तक्रारी शून्य. रंग नाकारल्याच्या तक्रारी शून्य. (आकडे मी नंतर टिपले, चूक असेल तर ती माझी.)

मग त्यांनी मला आवडता रंग विचारला. या प्रश्नाचा मी आयुष्यात विचार केलेला नव्हता. मी चाचरू लागलो. केशवरावांनी माझा चष्मा पाहिला, धोतर पाहिलं, बगलेतलं पुस्तक पाहिलं आणि स्वतःच लिहिलं, 'नारिंगी'. नारिंगी खोलीला सिमेंटचं छत होतं आणि आत दोन खाटा होत्या.

माझ्यामागे मोतीराम उभे होते. लोधीखेड्याचे शेतमजूर. सोबत मुलगी पुष्पा आणि तिचं आठ दिवसांचं बाळ. सरकारी दवाखान्यातून सुटी झालेली, बस तीच अडकलेली.

केशवरावांनी रंग विचारला. मोतीराम म्हणाले, नारिंगी.

नियमानुसार इथे आवडीची शहानिशा करावी लागते. (धर्मशाळेच्या समितीचा ठराव, १९७४ चा. माझ्या वेळी ती राहून गेली असावी.) गावात घर कोणत्या बाजूला आहे, पाणी कोणत्या विहिरीवरून भरता, घरात फोटो कोणाचा आहे, लग्न कोण लावतं, असे चार प्रश्न. यांत जात कुठेही येत नाही. माणूस रोज जे बघतो त्यावरून त्याची आवड घडते, एवढंच समितीचं म्हणणं. मोतीरामांनी चारही उत्तरं सरळ दिली.

"सोचून सांगा, मोतीरामजी," केशवराव अतिशय नम्रपणे म्हणाले. "तुमाले निळा आवडत असन."

"सोचूनच सांगून राहिलो, साहेब. निळ्या खोलीचे कवेलू फुटले हायेत. लेकरू आठ दिवसाचं हाये."

"हे कारण झालं. आवड नाही झाली."

मोतीरामांनी वहीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग वहीत तसं लिहा. नारिंगी मांगितली, निळी देल्ली."

केशवराव पहिल्यांदाच अस्वस्थ झाले. तसं लिहिलं असतं तर यशवंतरावांच्या इच्छेचा भंग झाला असता, तोही तीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी समितीच्या दोन सदस्यांना बोलावलं. चर्चा अर्धा तास चालली आणि कोणीही आवाज चढवला नाही. तेवढा वेळ पुष्पा बाळाला पदराखाली घेऊन ओट्यावर बसून होती. मी पुस्तक उघडून बसलो. माझ्या खोलीतली दुसरी खाट तिला द्यावी असं मला तीनदा वाटलं. पण धर्मशाळेच्या कारभारात बाहेरच्याने बोलणं बरं दिसेल का, याचा निर्णय होईना.

निर्णय समितीने घेतला, आणि तो मृत्युपत्राला अक्षरशः धरून होता. पेंटर बोलावला. साडेपाचला निळ्या खोलीच्या दाराला नारिंगी रंग लागला. वहीत नोंद झाली : 'मोतीराम. आवड नारिंगी. खोली नारिंगी.'

केशवरावांनी दार उघडून दिलं आणि रंग ओला आहे, जपून जा, असं आपुलकीने सांगितलं.

पुष्पाने वर पाहिलं. फुटक्या कौलांतून पावसाची धार लागली होती. "बाबा," ती म्हणाली, "दाराची काळजी हाये या लोकायले." आणि बाळाला घेऊन ती त्यातल्या त्यात कोरड्या कोपऱ्यात बसली.

मी माझ्या खोलीत गेलो आणि कडी लावली. केशवरावांनी माझं आडनाव शेवटपर्यंत विचारलं नाही. या लेखातही ते मी कुठे लिहिलेलं नाही. तरी तुम्ही ते एव्हाना ठरवून टाकलं असेल, आणि तेही मला एक अक्षर न विचारता. यशवंतरावांना समाधान वाटेल.